परबकाकांची परत आलेली फाइल

मला प्रमोशन मिळालं त्या संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी सगळ्यात आधी तळमजल्यावरच्या परबकाकांकडे गेलो, ही माझी चूक झाली. वाकोल्याच्या या सोसायटीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो, आणि पगार वाढल्याची बातमी या माणसाला द्यायची नसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि एखाद्याच्या घरी कोणी वारल्यावर बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"किती वाढला?"

मी आकडा सांगितला. जरा फुगवूनच सांगितला. तो माझा स्वभाव आहे, पुढे येईलच.

"अरेरे," काका म्हणाले. "मुलगी कितवीत?"

"चौथीत."

"म्हणजे अजून वेळ आहे. पण वाट लागली रे तुझी. मर्यादेच्या वर गेलास तू."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण मी बॉक्स घेऊन वरच्या मजल्यांवर फिरत असताना त्यांना जिन्यात आमची ही भेटली. काका तिला म्हणाले, "धीर धर बाये. होतं असं एकेकाच्या नशिबी." मी घरी पोचलो तेव्हा बायको सोफ्यावर डोकं धरून बसली होती. माझी नोकरी गेली आणि ते लपवायला मी पेढे वाटतोय, असा तिचा समज झाला होता. माझ्याबद्दल हा समज व्हायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत, हे मला जास्त लागलं.

काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत. उत्पन्नाच्या दाखल्यांचे कागद ज्या टेबलावर यायचे त्या टेबलामागे त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. मर्यादेच्या आतली आणि मर्यादेच्या बाहेरची. भेटल्यावर लोक "काय, बरं आहे ना?" असं विचारतात, काका विचारायचे, "काय, मर्यादेत ना?" पहिल्यांदा ऐकलं की माणूस दचकून शर्टाची बटणं तपासायचा.

कागद म्हणजे कागद. लग्नाची पत्रिका हातात दिली की ते ती उलटसुलट वाचून म्हणायचे, "नवऱ्या मुलाच्या आईचं नाव नाही. अपूर्ण आहे." तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे वडील वारले तेव्हा सगळे दारात गप्प उभे होते, कोणाला काय बोलावं सुचत नव्हतं. काका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढ. नंतर लागतात." लोकांना ते फार निर्दयपणाचं वाटलं. महिन्याभराने तोच मुलगा काकांकडे आला. दहाही संपल्या होत्या.

स्टेपलरचा त्यांना मनापासून राग. कागदाला पिन मारली की साहेबाला तो सुटा करून बघता येत नाही, आणि बघता आला नाही की तो बाजूला ठेवतो, असं त्यांचं शास्त्र. म्हणून टाचणी. शर्टाच्या खिशाच्या कडेला सात-आठ टाचण्या ओळीने टोचलेल्या असायच्या. त्यामुळे गणपतीत, दिवाळीत, कधीच कोणी त्यांना मिठी मारली नाही.

जून लागला की काका सोसायटीच्या गेटाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एका स्टुलावर जाऊन बसायचे. दाखल्यासाठी, फी-सवलतीसाठी, शिष्यवृत्तीसाठी मुलांचे कागद लावून द्यायचे. फुकट. एक कटिंग पाजली की झालं. पण मुलं कोणती, तर फक्त दवाखान्याकडे जाणारी. नर्सिंग, लॅब, फिजिओथेरपी, फार्मसी. एकदा इंजिनीअरिंगचा एक मुलगा रांगेत उभा राहिला. काका म्हणाले, "तू पूल बांधणार ना? मग पूल थांबेल. बाजूला हो." असं का, ते कोणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "शासनाचं धोरण."

ते शासन म्हणजे काका स्वतःच. त्याचे नियम दोन. पहिला, एक कागद मागितला तर तीन द्यायचे. दुसरा, बंद पाकीट आपण फोडायचं नाही, ते साहेबानेच फोडायचं. आणि या नियमांवर उभा असलेला त्यांचा एकमेव गर्व, जो ते कटिंगच्या प्रत्येक घोटाबरोबर सांगायचे. "माझी फाइल परत येत नाही."

आता वनिताताई. त्या आमच्याकडे पोळी-भाजी करतात. वाशिमकडच्या. नवरा रिक्षा चालवायचा, तो चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर पाच घरांचा स्वयंपाक करून त्यांनी एकुलत्या एक मुलीला, प्रज्ञाला, बारावी सायन्स केलं. तिने नर्सिंगची प्रवेश परीक्षा दिली आणि कॉलेज मिळवलं. खासगी होतं. फी ऐकून वनिताताईंनी आमच्या ओट्यावर लाटणं आडवं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पार्ल्यात एक ट्रस्ट होती, नर्सिंगच्या मुलींची चारही वर्षांची फी भरणारी. अट एकच, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सव्वादोन लाखांच्या आत. वनिताताईंना पाच घरांतून मिळून महिन्याला साडेअठरा हजार मिळायचे. वर्षाचे दोन लाख बावीस हजार. त्या काकांकडे गेल्या तेव्हा काकांनी बोटांवर बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उजळला. कोणाच्या पगारवाढीने तो कधी असा उजळला नव्हता.

"मर्यादेत!" ते म्हणाले. "काठावर, पण मर्यादेत!"

त्यांनी प्रज्ञाचा उत्पन्नाचा दाखला काढून दिला. ट्रस्टला तेवढा पुरला असता. पण एक मागितला तर तीन द्यायचे. काकांनी फर्मान काढलं, पाचही घरांकडून पत्रं आणायची. आम्ही वनिताताईंना महिन्याला इतके रुपये देतो, खाली सही.

रविवारी सकाळी मी माझं चांगलं पेन काढून बसलो.

मी वनिताताईंना तीन हजार देत होतो. दर एक तारखेला ते पाकिटात घालताना हा आकडा मला कधीच टोचला नव्हता. पण कागदावर, माझ्या नावावर, माझ्या नव्या हुद्द्याखाली लिहायचा म्हटल्यावर तो फारच बारीक दिसायला लागला. ट्रस्टवाले सुशिक्षित लोक. म्हणतील, विमा कंपनीत मॅनेजर आणि पोळ्यांच्या बाईला तीन हजार? मी थोडा विचार केला आणि लिहिलं, साडेचार हजार. ते लिहून झाल्यावर इतकं बरं वाटलं की खाली आणखी एक ओळ घातली. 'शिवाय दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस.' दिवाळीला आम्ही साडी देतो आणि अर्धा किलो फरसाण.

मग मी पाकीट डिंकाने चिकटवलं. वनिताताईंनी वाचलं तर काय, म्हणून.

"काय लिहिलंत?" बायकोने विचारलं.

"लिहिलं बरोबर," मी म्हणालो.

नंतर कळलं की पाचातल्या चार घरांत त्या आठवड्यात हेच झालं होतं. कोणी पाचशे वाढवले, कोणी हजार, कोणी दीड. आणि सगळ्यांनी पाकिटं चिकटवली होती. ती पाच पाकिटं काकांनी उजेडाकडे धरूनही बघितली नाहीत. सरळ टाचणी लावली.

मुलाखतीच्या दिवशी काका पांढरा सदरा घालून निघाले, वनिताताई आणि प्रज्ञाबरोबर. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. खरं सांगायचं तर माझ्या पत्राचं थोडं कौतुक होईल अशी आशा होती.

ट्रस्टच्या मॅडम सभ्य होत्या. प्रज्ञाला दोन-तीन प्रश्न विचारले. नर्स का व्हायचंय, म्हणाल्या. प्रज्ञा म्हणाली, "बाबा ऑक्सिजनवर होते तेव्हा त्यांच्या मशीनवर काय दिसतंय ते मला कळत नव्हतं. कोणाला विचारावं तेही कळत नव्हतं." मॅडमनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. काकांनी मला गुडघ्याने ढोसलं, म्हणजे झालं काम.

मग मॅडमनी पाकिटं फोडली. एकेक आकडा वाचत कॅल्क्युलेटरवर मारला. दुसऱ्यांदा मारला. मग दाखला उचलून शेजारी ठेवला.

"काका, दाखल्यावर दोन लाख बावीस. या पत्रांचे होतात दोन लाख शहात्तर, बोनस न धरता. यातलं खरं कोणतं?"

 काकांना हा प्रश्न विचारायची सवय होती, उत्तर द्यायची नव्हती.

वनिताताई पुढे वाकल्या. "मॅडम, एवढे पैसे कोण देतं मला? नावं सांगा. मी आत्ता जाऊन घेऊन येते."

मॅडमनी नावं वाचली. दुसरं नाव माझं होतं. वनिताताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. प्रज्ञाने बघितलं. काकांनीही.

आठ दिवसांची मुदत मिळाली. चुकीचा आकडा लिहिलेल्या घरांनी दुरुस्तीचं पत्र द्यायचं. एकही कमी पडलं तर फाइल संशयास्पद म्हणून परत. बाहेर आल्यावर काकांनी मला पायऱ्यांवरच धरलं. चिडले की ते थेट कणकवलीला पोचायचे.

"तुका अक्कल खंय होती रे? शिकलेलो माणूस मां तू? तीन हजाराचे साडेचार कशे झाले?"

"लाज वाटली काका."

"लाज वाटली तर द्यायचे होतेस मेल्या! लिहिलंस कशाला?"

मग स्वतःच पायरीवर बसले. "आणि मी. मी पत्रं मागितली. कोणी मागितली होती? कोणीच नव्हती."

मी त्याच संध्याकाळी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. 'मी वस्तुतः तीन हजार रुपये देतो.' एका ओळीला अर्धा तास लागला. दुसऱ्या एका घराने कुरकुर करत लिहून दिलं. उरली दोन.

त्यातले एक गृहस्थ शेजारच्या इमारतीतले. म्हणाले, "म्हणजे मी आधी खोटं लिहिलं असं आता सही करून देऊ? उद्या कोणी कोर्टात उभं केलं तर?" काकांनी त्यांना पाऊण तास कायदा समजावला. दार अर्धं उघडं होतं, ते अर्धंच राहिलं.

दुसऱ्या घरी मी, काका आणि वनिताताई तिघेही गेलो. बाईंनी आम्हाला बसवलं, सरबत दिलं.

"अहो परब, मी खोटं कुठे लिहिलंय? चहा देतो, नाश्ता देतो, साड्या देतो. ते सगळं धरलं मी."

"साडी कॉलेजात भरून घेतात का हो?" काकांनी विचारलं.

"म्हणजे आम्ही काय हिला लुबाडतो?" बाई उठून उभ्या राहिल्या. "असं असेल तर वनिता, तू उद्यापासून येऊच नकोस बाई. नको ती बदनामी."

काका आणखी काही बोलणार, तोच वनिताताईंनी त्यांचा दंड धरला. "चला काका. काम जाईल माझं." आणि बाईंकडे वळून म्हणाल्या, "येते हं मी उद्या. भेंडी काढून ठेवा."

आठव्या दिवशी काका आणि मी दोघेच पार्ल्याला गेलो. बसमध्ये त्यांनी फाइल उघडून मला एक कागद दाखवला. त्यांचं गोल, कचेरीतलं अक्षर. 'सदर घरांना पत्रांतील आकडे मी स्वतः सांगितले होते. त्यांनी ते माझ्यावर विश्वास ठेवून लिहिले. अर्जदाराचा वा सदर घरांचा कोणताही दोष नाही. चूक सर्वस्वी माझी.' खाली सही, पूर्ण नाव, निवृत्त अव्वल कारकून.

"काका, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"तुम्ही असं लिहून देणार?"

"फाइल बंद कर. कागद उडतील."

मॅडमनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही जबाबदारी घेताय. पण त्या दोन घरांच्या सह्या नाहीत. आणि आज सकाळी मुदत संपली तशी समितीने यादी पक्की केली. ती जागा पुढच्या मुलीला गेली."

काका खुर्चीत जरा मागे सरकले. मला वाटलं आता कणकवली सुरू होणार. पण त्यांनी फक्त विचारलं, "ती मर्यादेत आहे ना?"

"हो. बरीच खाली आहे."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. "तिचं होऊ दे."

परतीची बस येईना. स्टॉपवर बाकड्यावर बसलो होतो. काका समोरच्या औषधाच्या दुकानाकडे बघत होते. अचानक बोलायला लागले.

"बायको माझी, मालती, हॉस्पिटलात होती दोन महिने. शेवटच्या दिवशी सकाळी एक शिकाऊ पोरगी आली. मालतीला शुद्ध नव्हती. तिने मालतीचे केस विंचरले. नीट वेणी घातली. मी म्हटलं, आता कशाला बाये? तर म्हणाली, काका, भेटायला माणसं येतील ना." काकांनी फाइल मांडीवर सरळ केली. "माणसं कोण येणार होती रे? आम्ही दोघंच. पण तिने वेणी घातली."

बस येतेय का ते बघायला मी उठलो आणि परत बसलो.

"नाव विचारायचं राहिलं तिचं. तिलाही कोणीतरी दाखला काढून दिला असेल ना? कोणीतरी कागद नीट लावले असतील. म्हणून ती तिथे होती." मग हातातल्या फाइलकडे बघून म्हणाले, "माझ्याकडे आली असती तर मी तिची पण वाट लावली असती."

बस आली. आम्ही चढलो. काकांनी दोघांची तिकिटं काढली, माझं ऐकलं नाही.

फी भरायची तारीख गेली. प्रज्ञाची सीट गेली. वनिताताईंच्या ओळखीच्या एका बाईंनी तिला आजारी माणसांकडे दिवसपाळीचं काम लावून देते म्हणून सांगितलं. काका धावत वनिताताईंच्या खोलीवर गेले. "अजिबात नाही! पोरीचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरतात. पुढच्या वर्षी पण बाहेर जाल." म्हणजे वर्षभर प्रज्ञाने कमवायचं नाही. पुन्हा परीक्षा द्यायची, पुन्हा तेवढेच मार्क मिळवायचे, पुन्हा अर्ज करायचा, आणि तोवर कोणीही एक रुपयाने वर जायचं नाही, याची काळजी घ्यायची. घर चालवायला पैसे हवेत आणि पैसे आले तर शिक्षण जाणार. हे मी आमच्या ऑफिसात एकाला समजावून सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही काहीतरी चुकीचं ऐकलंय."

आता झेरॉक्सच्या दुकानात दोन स्टुलं असतात. एकावर काका, एकावर प्रज्ञा. उशिराच्या फेऱ्यांतून प्रवेश मिळालेल्या मुली अजून येतात. प्रज्ञा त्यांचे फॉर्म भरते. तिचं अक्षर सुंदर आहे. जाताजाता मी बघतो, ती कोणाच्या तरी फॉर्मवर 'अभ्यासक्रम' या रकान्यात 'नर्सिंग' लिहीत असते. बंद पाकीट आलं की काका ते तिच्यासमोरच टराटरा फाडतात. स्वतःच्या फायलींबद्दल मात्र आता काही बोलत नाहीत. कटिंग गप्प बसून पितात.

पुढच्या एक तारखेला मी वनिताताईंच्या पाकिटात साडेचार हजार घातले. त्यांनी ओट्याशी उभं राहून मोजले, आणि पंधराशे पिठाच्या डब्यावर ठेवले.

"हे नको, दादा."

"अहो घ्या. मी आधीच द्यायला हवे होते."

"हो, हवे होते. पण आता पुढच्या जूनपर्यंत नको."

"कोणाला कळणार आहे?" मी म्हणालो.

"काका विचारतात दर महिन्याला, किती मिळाले म्हणून." त्यांनी कणीक परातीत ओढली. "आणि मला नाही खोटं सांगता येत. तुम्ही पत्रात तीन हजार लिहून दिलेत ना? मग तीनच."

त्यांनी पोळ्या केल्या, भाजी केली, ओटा पुसला आणि चप्पल घालून पुढच्या घरी गेल्या. पंधराशे रुपये डब्यावर तसेच होते. बायकोने ते उचलून माझ्या खिशात घातले.

"सुषमा, आता काय करायचं गं?" मी विचारलं.

ती ताटं घेत होती. म्हणाली, "काय करणार? वर्षभर तिच्याच हातच्या पोळ्या खायच्यात आपल्याला, तीन हजारात. घशाखाली उतरतात का बघा."